चौतालाच्या शेवटच्या चार मात्रा : मुलांच्या पखवाजशिक्षणाची चिकित्सा

संगीतशिक्षणाबद्दल मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे मोठ्या कलावंतांच्या आठवणींतून आलेले आहे. नामवंत झालेला गवई किंवा वादक मागे वळून गुरुगृहीचे दिवस सांगतो. पाणी भरले, अंगण झाडले, वर्षानुवर्षे एकच पलटा घोटला आणि मग गुरुजी प्रसन्न झाले. हे लेखन वाचनीय असते. पण शिक्षणाची साक्ष म्हणून ते एकतर्फी आहे. जो टिकला तोच त्यात बोलतो. दोन-तीन वर्षे शिकून जी मुले थांबली, ज्यांनी पुढे वाद्याला हात लावला नाही, त्यांचे म्हणणे कोणी लिहून ठेवत नाही. सार्वजनिक वर्गात शिकणारी बहुसंख्य मुले मात्र याच दुसऱ्या गटातली असतात. म्हणून एखादी शिक्षणपद्धती किती थोर कलावंत घडवते यापेक्षा, तिसऱ्या वर्षी सोडून जाणाऱ्या मुलाच्या पदरात ती काय टाकते, हा प्रश्न मला अधिक कसोटीचा वाटतो.

ही कसोटी मी येथे एकाच वाद्याला लावून पाहणार आहे, ते म्हणजे पखवाज. वारकरी त्यालाच मृदंग म्हणतात. हे वाद्य निवडण्याचे कारण सोपे आहे. महाराष्ट्रात आज लहान मुलांना ते दोन वेगळ्या रस्त्यांनी शिकवले जाते. एक रस्ता परीक्षा घेणाऱ्या संगीतवर्गाचा, दुसरा वारकरी संस्थांचा आणि गावोगावच्या भजनी मंडळांचा. वाद्य तेच, अक्षरे तीच, पुष्कळदा मूळ परंपराही तीच. एकोणिसाव्या शतकात वाईजवळच्या बावधनच्या नाना पानसे यांनी इंदूरच्या होळकर दरबारात नावारूपाला आणलेल्या वादनशैलीचे धागे दोन्हीकडे सापडतात. असे असूनही या दोन रस्त्यांनी गेलेली मुले निराळीच माणसे होऊन बाहेर पडतात. गेली काही वर्षे मी एका तालुक्याच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या वर्गात आणि आळंदीतल्या काही संस्थांच्या सायंकाळच्या पाठाला जाऊन बसत आलो आहे. पुढचे विवेचन त्या पाहण्यावर आणि उपलब्ध लेखनावर आधारलेले आहे.

१. दोन संस्था, एकच काळ

‘गुरुकुल विरुद्ध शाळा’ अशी मांडणी आपल्याकडे रूढ आहे. इतिहास पाहिला तर ती फारशी टिकत नाही.

पुण्यात गायन समाज स्थापन झाला १८७४ मध्ये. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली १८८६ मध्ये. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईला आले. त्यांच्या निधनानंतर, १९३१ सालीच, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षांना आज मुले बसतात, त्यांची ही वंशावळ. दुसरीकडे विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली ती १९१७ मध्ये. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरागत’ म्हणतो ती आळंदीची संस्था, ज्याला ‘आधुनिक’ म्हणतो त्या लाहोरच्या विद्यालयापेक्षा सोळा वर्षांनी धाकटी आहे.

दोहोंतली साम्येही लक्षात घेण्यासारखी आहेत. पलुसकरांच्या विद्यालयात उपदेशक वर्ग होता. त्यातले विद्यार्थी तिथेच राहत, नऊ वर्षांच्या कराराने शिकत आणि पुढे गावोगाव जाऊन संगीताचा प्रसार करत. जोग महाराजांच्या संस्थेतही वर्षांत बांधलेला अभ्यासक्रम आला, निवास आला, शिस्त आली आणि शिकून बाहेर पडलेल्याने समाजात जाऊन कीर्तन-प्रवचन करावे ही अपेक्षा आली. दोन्ही ठिकाणी घराण्याबाहेरच्या मुलाला दार उघडले गेले. दोन्ही ठिकाणी विद्येला चारित्र्याची जोड हवी असा आग्रह होता. पलुसकरांच्या प्रकल्पातल्या धार्मिक-राष्ट्रीय सुराची चिकित्सा जानकी बखले यांनी केलेली आहे. तिचे सगळे निष्कर्ष मान्य न करताही एवढे म्हणता येईल की विद्यालय आणि मठ यांतले अंतर आपण समजतो त्याहून कमी होते.

मग फरक पडला कुठे? माझ्या मते तो दोन गोष्टींत पडला : कागदाचे स्थान, आणि मुलाला वाजवायची मिळणारी जागा.

२. कागदावरचा ठेका

पलुसकरांचे सहकारी गुरुदेव पटवर्धन लाहोरच्या विद्यालयात पखवाज-तबला शिकवत. त्यांचे ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ हे हिंदी पुस्तक १९०३ चे. जेम्स किप्पेन यांनी २००६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद विस्तृत चिकित्सेसह प्रसिद्ध केला, तेव्हा या पुस्तकाकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष गेले. पखवाजाचे बोल छापील चिन्हांत बांधण्याचा हा आरंभीचा आणि धाडसी प्रयत्न होता. प्रत्येक अक्षराला किती काळ द्यायचा हे अक्षराखालच्या खुणेने सांगायचे, म्हणजे गुरू समोर नसतानाही विद्यार्थ्याला पाठ पाहता येईल, ही त्यामागची कल्पना. तिचे महत्त्व कमी लेखू नये. ज्या विद्येत ‘वही दाखवणे’ म्हणजे घर लुटू देणे मानले जाई, तिथे वही छापून विकणे ही सामाजिक कृती होती.

पण छापील ठेका मुलाच्या हाती आला की काय होते ते पाहू. चौताल घेऊ, पखवाजाच्या वर्गातला पहिला मोठा डोंगर. बारा मात्रा, सहा विभाग : धा धा । दिं ता । किट धा । दिं ता । तिट कत । गदि गन.

मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात मूल नवव्या मात्रेवर अडखळते. शेवटच्या चार मात्रा एक तर पळतात, नाही तर समेला उशीर होतो. गुरुजी म्हणतात, “पळू नको.” मूल म्हणते, “नाही पळत.” दोघेही आपापल्या जागी खरे असतात. अक्षरे मोजून पाहा. पहिल्या आठ मात्रांत नऊ अक्षरे आहेत आणि शेवटच्या चार मात्रांत आठ. आठव्या मात्रेपर्यंत चालीने जाणाऱ्या मुलाला एकदम दुप्पट दाटीतून जावे लागते. त्याच ठिकाणी दुसरी गोष्टही बदलते. पहिल्या मात्रेवर टाळी, तिसरीवर खाली, पाचवीवर टाळी, सातवीवर खाली अशी आठ मात्रांपर्यंत टाळी-खालीची आलटापालट चालते. नववी आणि अकरावी या दोन्हींवर मात्र टाळीच येते. हाताला लागलेली सवय मोडते ती नेमकी अक्षरे दाट होतात तिथे. मूल मात्रा मोजत नसते, अक्षरे मोजत असते; त्यामुळे आपण वेगाने जात आहोत हे त्याला कळत नाही.

आता कागद या अडचणीला काय मदत करतो? एका मात्रेत दोन अक्षरे आहेत हे तो अक्षरांखालच्या अर्धवर्तुळाने अचूक सांगतो. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य असते. पलुसकर पद्धतीत समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचे चिन्ह. मुलांना परीक्षेसाठी हा भेद पाठ करावा लागतो. पण ‘तिट’ म्हणताना उजव्या पंजाचे दोन भाग आलटून पालटून पुडीवर पडतात, ‘कत’मधला ‘क’ डाव्या हाताचा बंद आघात आहे, ‘गदि गन’मध्ये डावा-उजवा-डावा-उजवा असा झोका आहे, हे कागदावर नसते. ‘दिं’ची आस किती वेळ राहू द्यायची, हेही नसते. कागद काळ सांगतो, हात सांगत नाही. म्हणून वही पाहून वाजवणारे मूल आणि तोंडाने बोल म्हणत वाजवणारे मूल यांत फरक ऐकू येतो. पहिल्याच्या वादनात प्रत्येक अक्षर सुटे असते. दुसऱ्याच्या वादनात वाक्य असते.

जुन्या शिक्षकांचा ‘आधी तोंडात, मग हातात’ हा दंडक यासाठीच आहे. पढंत म्हणजे घोकंपट्टी नव्हे. पढंत करताना मूल हाताने टाळी-खाली धरते आणि तोंडाने अक्षरे म्हणते. म्हणजे काळ एका अवयवाकडे आणि अक्षरे दुसऱ्याकडे अशी वाटणी होते. नवव्या मात्रेवरचा पेच सुटतो तो या वाटणीने. चौतालाच्या शेवटच्या चार मात्रा पंधरा दिवस नुसत्या टाळी धरून म्हणायला लावणारा शिक्षक वेळ घालवत नाही, वाचवतो.

३. आळंदीची संध्याकाळ

वारकरी रस्त्यावर मुलाच्या हाती प्रथम मृदंग येत नाही, टाळ येतात. हरिपाठाला, काकड्याला, भजनाला रांगेत उभे राहून टाळ धरायचे आणि पावली टाकायची. पायाने, हाताने आणि तोंडाने एकच ठेका काही महिने अंगात मुरला की मग कोणीतरी मृदंग पुढे सरकवतो. तोपर्यंत भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मुलाला ‘शिकवाव्या’ लागत नाहीत. त्या त्याच्या चालण्यात आलेल्या असतात. शिक्षणशास्त्रात ज्याला पूर्वतयारी म्हणतात तिचा इतका चांगला नमुना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट जागेची. शिकलेला ठेका त्याच संध्याकाळी उपयोगात येतो. गायक चाल बदलतो, अभंग वरच्या पट्टीत जातो, टाळकरी लय चढवतात, कीर्तनकार मध्येच थांबून निरूपण सुरू करतो आणि पुन्हा धृपदावर येतो. मुलाला सतत मान वर करून पाहावे लागते. कधी वाजवायचे याइतकेच कधी थांबायचे हे त्याला शिकावे लागते. गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षाच; फक्त तिथे परीक्षक शेकडो असतात आणि गुणपत्रिका मिळत नाही. चुकलेल्या मुलाकडे मुख्य मृदंगवादक नुसता पाहतो. बहुतेक वेळा ते पुरते.

संबोधनांतला फरकही बोलका आहे. तालुक्याच्या वर्गात शिक्षकाला ‘सर’ म्हणतात आणि मुलाला त्याच्या नावाने हाक मारतात. आळंदीत दहा वर्षांच्या पोरालाही ‘महाराज’ म्हणतात. “महाराज, जरा कणीक मळा,” असे कोणी म्हटले की ते पोर गंभीरपणे उठते, डाव्या पुडीला लागेल एवढी कणीक मळून आणते, चिकटवते, थाप मारून ऐकते, थोडी काढते, पुन्हा ऐकते. स्वर म्हणजे काय याचा हा पहिला धडा असतो. गट्ट्यावर हातोडीचा ठोका कुठे द्यायचा, वादी कधी ओढायची, शाई उडाली की नाद कसा फुटतो, हे सगळे त्याला वाद्याच्या सहवासात कळते.

मात्र येथे थांबलो तर ही चिकित्सा होणार नाही, आरती होईल. या रस्त्याच्या उणिवाही मोठ्या आहेत.

पहिली उणीव वेगाची. ध्वनिवर्धक आल्यापासून कीर्तनातला मृदंग पुढे आला आहे. श्रोत्यांच्या टाळ्या दाट अक्षरांना आणि चढत्या लयीला मिळतात. मुले नक्कल करतात ती याच भागाची. ठेक्याच्या वजनापेक्षा तिहाईची चमक आधी शिकणारी पिढी मला दिसते आणि तिला थांबवणारे शिक्षक कमी दिसतात. दुसरी उणीव अशी की येथे ज्ञानाला नाव नसते. मुलाला सात, दहा, चौदा मात्रांचे ताल ऐकून माहीत असतात, पण त्यांची रचना सांगता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या परंपरेतल्या वादकाशी बोलायला त्याच्याकडे भाषा नसते. शंकरबापू आपेगावकरांसारख्या वादकाने वारकरी मृदंग आणि मैफलीचा पखवाज यांमधली भिंत ओलांडून दाखवली. पण ती असामान्य माणसाची उडी होती, सर्वांसाठी केलेला दरवाजा नव्हे.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर. हा रस्ता मुख्यतः मुलग्यांचा आहे. अलीकडे दिंडीत गळ्यात मृदंग घातलेल्या मुली दिसतात, महिला कीर्तनकारांची परंपराही आहे. पण निवासी शिक्षणाचा साचा मुलग्यांसाठी घडला आहे. शिवाय निवासाचा प्रश्न केवळ मुलींपुरता नाही. आळंदीत गेल्या काही दशकांत लहान-मोठ्या खाजगी निवासी संस्था पुष्कळ झाल्या. त्यांतल्या काहींतील मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या आहेत. परंपरेच्या नावाखाली नोंदणी, तपासणी, पालकांचा मुक्त वावर यांना नकार देणारी जागा कितीही चांगला मृदंग शिकवत असली तरी मुलासाठी योग्य नाही. शरणागती हा भक्तीचा गुण असेल. अल्पवयीन मुलाकडून शिक्षकाने मागण्याची ती गोष्ट नव्हे.

४. परीक्षेचा वर्ग

परीक्षेच्या वर्गावर टीका करणे सोपे आहे. म्हणून आधी त्याचे देणे मान्य करू. तेथे मुलगी येऊ शकते, कोणत्याही जातिधर्माचे मूल येऊ शकते, संध्याकाळी तासभर शिकून घरी जाऊ शकते. शुल्क ठरलेले असते, अभ्यासक्रम छापलेला असतो, शिक्षक बदलला तरी मुलाचे वर्ष वाया जात नाही. ‘गुरूची मर्जी’ या अनिश्चित गोष्टीऐवजी ‘एवढे आले की पुढची पायरी’ हे आश्वासन मिळते. ज्यांच्या घरात कधी वाद्य नव्हते त्यांच्यासाठी हे आश्वासन फार मोलाचे आहे.

अडचण पुढे येते. चौताल, धमार, सूलताल, तीव्रा हे या अभ्यासक्रमाचे मुख्य ताल. ते धृपद-धमार गायकीच्या साथीसाठी घडले. पण त्या गायकीच्या मैफली आज किती होतात आणि तालुक्याच्या गावातले मूल त्यांतली किती ऐकते? ज्या गाण्यासाठी ठेका आहे ते गाणे मुलाने ऐकलेलेच नसते. मग ठेका हा कशाची तरी साथ न राहता स्वतःच एक वस्तू होतो : वाजवून दाखवायची, ठाय, दुगुण, चौगुण करून दाखवायची, हातावर टाळी देऊन म्हणून दाखवायची. अशोक दा. रानडे यांनी कलासंगीत आणि भक्तिसंगीत या वेगवेगळ्या कोटी मानल्या आणि प्रत्येकीची प्रयोगाची परिस्थिती निराळी असते हे पुन्हा पुन्हा सांगितले. परीक्षेचा वर्ग पखवाजाला कलासंगीताच्या कोटीत बसवतो, पण त्या कोटीची प्रयोगपरिस्थिती मुलाला देऊ शकत नाही. उरतो तो परीक्षकासमोरचा काही मिनिटांचा एकल प्रयोग.

त्यात आता गुणांची भर पडली आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण देण्याची शासनाची योजना चांगल्या हेतूने आली. तिच्यामुळे वर्ग भरले, हे खरे. पण दहावी संपली की वर्गातली जागा रिकामी होते, हेही मी पाहतो. ज्या पालकांनी पायरीमागून पायरी चढवायची घाई केली, त्यांना मी दोष देत नाही. गुण मिळणार असतील तर ते मिळवावेत असेच कोणीही म्हणेल. दोष आहे तो मोजमापाचा. पखवाज हे मुळात संगतीचे वाद्य आहे आणि आपण परीक्षा घेतो एकट्याची. दुसऱ्याचे गाणे ऐकून त्याला पेलणे, हा या वाद्याचा मुख्य गुण, गुणपत्रिकेच्या टोकाला ढकलला जातो.

लेखी प्रश्नांचेही तसेच. तालाची व्याख्या, वाद्याच्या अंगांची नावे, वादकांची चरित्रे यांची उत्तरे मुले सुंदर लिहितात. पुडी, गजरा, वादी, गट्टे, शाई ही नावे वहीत सुवाच्य असतात. मी काही मुलांना विचारले, वर्गातला पखवाज उतरला तर काय करता? उत्तर आले, “सर दुकानात देतात.” त्यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या वर्गात चार-पाच पखवाज असतात, शिकणारी मुले त्याहून पुष्कळ, आणि वाद्य महाग. बिघडेल या भीतीने हातोडी मुलांच्या हाती दिली जात नाही. दोन-सव्वादोन फूट लांबीचे वाद्य आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीपुढे ठेवले की त्याचे दोन्ही हात ताणून टोकाला जातात आणि थाप खांद्यातून पडते; तरी लहान मापाचे वाद्य घेण्याचा विचार क्वचित होतो. साधनांचा हा प्रश्न शिक्षणपद्धतीच्या चर्चेत येतच नाही, वस्तुतः तो पहिला यायला हवा.

५. तिसऱ्या वर्षी सोडणारे मूल

आरंभी मांडलेल्या कसोटीकडे येतो. तिसऱ्या वर्षी सोडून जाणाऱ्या मुलाजवळ काय उरते?

परीक्षेच्या वर्गातल्या मुलाजवळ दोन-तीन प्रमाणपत्रे, काही ताल आणि त्यांची नावे उरतात. ते पुढे चांगला श्रोता होऊ शकते, कारण बारा मात्रा म्हणजे काय हे त्याला सांगता येते. मात्र चार माणसे गात बसली तर ते वाद्य पुढे ओढेलच असे नाही. कोणाबरोबर वाजवावे लागेल, अशी वेळ त्याच्यावर आलेलीच नसते. वारकरी रस्त्यावरच्या मुलाजवळ प्रमाणपत्र नसते. पण गावाच्या भजनात त्याची जागा असते आणि ती आयुष्यभर राहते. शेतकरी झाले, वाहनचालक झाले, दुकानदार झाले तरी एकादशीला ते मृदंगावर बसते. समाजाला वादक पुरवण्याचे काम कोणती पद्धती करते, हे यावरून उघड आहे. त्या रस्त्याला न येऊ शकलेल्या मुलींची जागा मात्र या हिशेबात रिकामीच राहते, हे विसरून निकाल देता येत नाही.

म्हणून मला दोहोंपैकी एकाची निवड करायची नाही. देवळाच्या सभामंडपात, वाचनालयात, शाळेच्या रिकाम्या खोलीत भरणाऱ्या सार्वजनिक वर्गाला दोन्हीकडचे घेता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. पहिले सहा महिने सर्व मुलांच्या हाती टाळ द्यावेत आणि त्यांना गाऊ द्यावे. वही पढंत पक्की झाल्यावर उघडावी. आठवड्यातला एक दिवस संगतीचा असावा : गाणारे मूल आणि वाजवणारे मूल समोरासमोर, चाल आधी न सांगता. कणीक मळणे आणि गट्टा ठोकणे अभ्यासक्रमात यावे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रत्येक पायरीवर अनोळखी अभंगाला किंवा पदाला साथ करण्याचा प्रश्न ठेवला आणि त्याला एकल वादनाइतकेच गुण दिले, तर शिक्षक आपोआप त्याची तयारी करून घेतील. परीक्षा जे मोजते तेच वर्गात शिकवले जाते. आणि वारकरी संस्थांनी निवासाशिवायचे, दार उघडे असलेले, मुलींना सामावणारे सायंवर्ग वाढवले, तर जोग महाराजांनी घराण्याबाहेरच्या मुलासाठी उघडलेले दार आणखी एकदा रुंद होईल.

यातली कोणतीही सूचना नवी नाही. निरनिराळ्या वर्गांत यांतली एकेक गोष्ट एखादा मनस्वी शिक्षक आपल्या जबाबदारीवर करताना मला भेटला आहे. अडते ते एवढ्यासाठी की त्याच्या या कामाला कागदावर जागा नाही. चौतालाच्या शेवटच्या चार मात्रांपाशी अडलेल्या मुलाजवळ पंधरा दिवस थांबणाऱ्या शिक्षकाचा वर्ग निकालाच्या तक्त्यात मागे दिसतो. ज्या व्यवस्थेत असे थांबणे तोट्याचे ठरते, तिथे वादक तयार होणार नाहीत. उमेदवार मात्र पुष्कळ होतील.